ओ गटाची म्हणून नोंदलेली रुग्ण आणि बॉम्बे रक्तगटाच्या दोन पिशव्या : एक प्रकरण

रुग्ण, नातेवाईक आणि रक्तदाते यांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वैद्यकीय क्रम आणि निर्णय जसे घडले तसेच ठेवले आहेत.

पार्श्वभूमी

कोल्हापूर जिल्ह्यातली २७ वर्षांची स्त्री, दुसरी खेप, वजन ५२ किलो. पहिलं बाळंतपण तीन वर्षांपूर्वी सिझरने झालं होतं, तेव्हा रक्त चढवावं लागलं नव्हतं. गर्भारपणाच्या कार्डावर रक्तगट ‘ओ पॉझिटिव्ह’. ३४व्या आठवड्यातल्या सोनोग्राफीत वार (प्लॅसेंटा) गर्भाशयाच्या तोंडावर पूर्ण आलेली दिसली. आधीचं सिझर, त्यात वार खाली. अशा बाईला शस्त्रक्रियेत बराच रक्तस्राव होऊ शकतो. हिमोग्लोबिन ७.४. तिला मोठ्या रुग्णालयात दाखल करून दोन पिशव्या राखून ठेवायला सांगितलं गेलं.

रक्तपेढीतल्या तंत्रज्ञाने ओ पॉझिटिव्हच्या चार पिशव्या क्रॉसमॅचला, म्हणजे पिशवीतलं रक्त रुग्णाच्या रक्ताशी जुळतं का ते पाहायला, घेतल्या. चारही जुळल्या नाहीत, आणि गुठळ्या पुसट नव्हे तर चांगल्या घट्ट आल्या. मग रक्तगट मुळापासून तपासला. तिच्या लाल पेशी अँटी-ए आणि अँटी-बी या दोन्हींना दाद देत नव्हत्या, म्हणजे इथवर ‘ओ’च. पण तिचा सीरम ए पेशी आणि बी पेशींबरोबर ओ पेशींच्याही गुठळ्या करत होता. ओ पेशींवरचं एच प्रतिजन ओळखणारं अँटी-एच लेक्टिन घातल्यावर तिच्या पेशी तशाच सुट्या राहिल्या. निदान स्पष्ट झालं : बॉम्बे रक्तगट.

हा गट १९५२ मध्ये मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी प्रथम नोंदवला. ए आणि बी ही प्रतिजनं (पेशींवरच्या ओळखखुणा) ज्याच्यावर उभी राहतात ते एच प्रतिजनच या लोकांच्या पेशींवर नसतं, आणि रक्तात त्याच्याविरुद्धचं प्रतिद्रव्य, अँटी-एच, असतं. ओ गटाच्या पेशींवर मात्र ते भरपूर असतं. त्यामुळे सगळ्यांना चालतं असं मानलं जाणारं ओ रक्त यांच्या शरीरात गेलं की शिरेतच पेशी फुटतात. ताप, कंबरदुखी, गडद लघवी, मग मूत्रपिंड बंद पडणं, असा तो क्रम असतो. भारतात साधारण दहा हजारांत एक जण या गटाचा सापडतो असं मानलं जातं.

घरची माहिती घेताना दोन गोष्टी कळल्या. रुग्णाचे आईवडील नात्यातले, मामेबहीण-आतेभाऊ. हा गट दोन्हीकडून उतरावा लागतो, त्यामुळे नात्यातल्या लग्नांत तो जास्त दिसतो. दुसरी गोष्ट अवघड होती. पहिल्या मुलीच्या कार्डावर गट ‘बी’ होता. वडील ओ, आई कागदावर ओ, मग मुलगी बी कशी? घरात यावरून दोन वर्षं कुजबुज चालू होती. बॉम्बे गटात आईकडे बी जनुक असलं तरी एच नसल्यामुळे ते चाचणीत दिसत नाही, मुलीत मात्र उतरतं. रक्तसंक्रमण अधिकाऱ्यांनी हे नवरा आणि सासूला समोर बसवून, कागदावर आकृती काढून समजावलं. ते त्यांच्या कामाच्या यादीत नव्हतं, पण त्या आठवड्यात या बाईला दिलेल्या उपचारांत आम्ही ते पहिल्या क्रमांकावर ठेवू.

अडचण

साधारण २० दिवसांनी, २० जुलैला शस्त्रक्रिया ठरली. तोवर किमान दोन पिशव्या हव्या होत्या.

सख्ख्या भावंडांत हा गट असण्याची शक्यता प्रत्येकी चारात एक, म्हणून पहिली तपासणी त्यांची. दोन्ही भाऊ साधे ओ निघाले. धाकटी बहीण बॉम्बे निघाली आणि सगळ्यांना हायसं वाटलं. पण बहिणीचं बाळ पाच महिन्यांचं, अंगावर पिणारं, आणि तिचं स्वतःचं हिमोग्लोबिन १०.८. रक्तदानाला किमान १२.५ लागतं आणि स्तनपान चालू असताना रक्त घेत नाहीत. ती म्हणत होती, “घ्या माझं, मला काय होतंय?” रुग्णाच्या सासरची माणसंही आग्रह धरून होती.

इथे पहिला खरा निर्णय होता. समाजसेवा अधीक्षक बाईंनी तिला एकटीला बाजूला घेऊन विचारलं. तिला भीती वाटत होती आणि ती कुणापुढे बोलता येत नव्हती. नातेवाईक दात्याला नाही म्हणणं फार कठीण असतं. अनोळखी माणूस फोन ठेवून देऊ शकतो, बहीण ठेवू शकत नाही. घरच्यांना एवढंच सांगितलं गेलं, “वैद्यकीय कारणाने त्यांचं रक्त चालणार नाही.” तिला वाटलेली भीती घरात कुणाला सांगितली नाही.

त्याच संध्याकाळी दिराने परस्पर व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप टाकला : ‘उद्या ऑपरेशन, बॉम्बे ब्लड ग्रुप अर्जंट, एका आईचा जीव वाचवा’, खाली स्वतःचा नंबर. ‘उद्या’ खोटं होतं, पण लोक हलावेत म्हणून लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन सतत वाजत राहिला. बहुतेक माणसं भली होती. ओ निगेटिव्हवाले होते, ‘मुंबईचा आहे, चालेल का’ विचारणारे होते, नुसता धीर देणारे होते. एकाने दोन पिशव्यांचे १८,००० रुपये सांगून ५,००० आगाऊ घेतले आणि फोन बंद केला. भारतात रक्ताची विक्री सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून बंद आहे. रक्तपेढी फक्त प्रक्रिया शुल्क घेऊ शकते. पैसे मागणारा माणूस दाता नसतो, हे घरच्यांना पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं.

समोरचे पर्याय

स्वतःचंच रक्त आधी काढून ठेवणं बाद झालं, कारण त्यासाठीही हिमोग्लोबिन ११ च्या आसपास हवं. शस्त्रक्रियेत सांडलेलं रक्त धुऊन परत देणारं यंत्र त्या रुग्णालयात नव्हतं. शिरेतून लोह देणं शक्य होतं आणि ते दुसऱ्याच दिवशी सुरू केलं : फेरिक कार्बोक्सिमाल्टोज १,००० मिलिग्रॅम सलाइनमधून, आठवड्याने आणखी ५०० मिलिग्रॅम. त्याचा परिणाम दिसायला दोन आठवडे लागतात, म्हणून एक दिवसही घालवणं परवडणारं नव्हतं. रक्त मिळेल या भरवशावर लोह लांबवणं ही अशा प्रकरणांतली नेहमीची चूक आहे.

तिसऱ्या दिवशी मुंबईतल्या एका रक्तपेढीत बॉम्बे गटाची एक तयार पिशवी असल्याचं कळलं. साध्या पिशवीत रक्त ३५ दिवस टिकतं. या पिशवीचे आठ दिवस उरले होते. शस्त्रक्रियेपर्यंत ती राहणार नव्हती, पण आत्ताच चढवली तर हिमोग्लोबिन सुमारे एकाने वाढलं असतं. बोलणी चालू असतानाच त्या पिशवीसाठी दुसरी मागणी आली : अपघातातला रुग्ण, रक्तस्राव चालू. आपल्या रुग्णाला त्या घडीला रक्तस्राव नव्हता. डॉक्टरांनी पिशवीवरचा हक्क सोडला. वैद्यकीयदृष्ट्या हा निर्णय सरळ होता आणि त्याला घरच्यांची परवानगी लागत नव्हती. तरीही नवऱ्याला बोलावून कारणासह सांगितलं. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, “त्याला लागतंय तर त्याला द्या. आमचं अजून बघता येईल.” न विचारता पिशवी गेली असती आणि नंतर कानावर आलं असतं, तर पुढच्या तीन आठवड्यांचा विश्वास तिथेच संपला असता.

आता उरले जिवंत दाते. दुर्मिळ रक्तगटांच्या कामात मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातली आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था महत्त्वाची. १९५७ मध्ये ती रक्तगट संदर्भ केंद्र म्हणून सुरू झाली. रुग्णाचा नमुना खात्रीसाठी तिकडे पाठवला. तिथून आणि स्वयंसेवी दात्यांच्या जाळ्यातून मिळून पाच नावं हाती आली :

क, सिंधुदुर्गातला ट्रॉलरवरचा खलाशी, ३८ वर्षं, ६१ किलो, शेवटचं रक्तदान पाच महिन्यांपूर्वी.
ख, छत्रपती संभाजीनगरचा विद्यार्थी, २२ वर्षं, ५८ किलो, शेवटचं रक्तदान सात महिन्यांपूर्वी.
ग, सोलापूरचा दुकानदार.
घ, बेळगावच्या शिक्षिका. तपासल्यावर हिमोग्लोबिन १२.१.
च, पुण्याचा नोकरदार, ४० दिवसांपूर्वीच रक्त दिलेलं.

पुरुषांना दोन रक्तदानांत ९० दिवसांचं आणि स्त्रियांना १२० दिवसांचं अंतर लागतं, त्यामुळे च बाद. घ कमी हिमोग्लोबिनमुळे बाद. घ यांना ‘तुम्ही बाद’ एवढं कळवून सोडलं नाही. लोहाच्या गोळ्या सुरू करायला स्थानिक डॉक्टरांकडे पाठवलं आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी ठरवली. दुर्मिळ दात्याचं हिमोग्लोबिन सांभाळणं हे त्याच्या मदतीची परतफेड करण्याचा उत्तम मार्ग आहे, आणि तो बहुतेकांना सुचत नाही.

सगळ्यांना एकदम बोलवायचं का, हा पुढचा प्रश्न. नातेवाइकांना ‘जेवढे येतील तेवढे येऊ द्या’ असंच वाटतं. पण प्रत्येक दाता एकदा दिलं की तीन महिने बाहेर जातो. तीन पिशव्या साठवून दोन वाया गेल्या, तर ऑगस्टमध्ये दुसऱ्या कुणासाठी फोन करायला माणूस उरत नाही. म्हणून ठरलं : दोघांचं रक्त घ्यायचं, तिसऱ्याला फक्त ‘शस्त्रक्रियेच्या दिवशी फोन चालू ठेवा’ म्हणायचं.

काय केलं

आधी व्हॉट्सअ‍ॅपचा जुना निरोप थांबवायचा होता. पसरलेला मजकूर परत घेता येत नाही, पण ज्या गटांत तो गेला होता तिथे दिराकडूनच नवा टाकला :

‘बॉम्बे (ओएच) रक्तगट. साधा ओ पॉझिटिव्ह किंवा ओ निगेटिव्ह चालत नाही. गरज २० जुलैपर्यंत. ज्यांचा गट प्रयोगशाळेने बॉम्बे असा लिहून दिला आहे, त्यांनीच रक्तपेढीच्या नंबरवर फोन करावा. रक्तासाठी पैसे देऊ-घेऊ नयेत. २० जुलैनंतर हा निरोप पुढे पाठवू नये.’

रुग्णाचं नाव नाही, फोटो नाही, घरचा नंबर नाही. शेवटची तारीख सगळ्यात महत्त्वाची. ती नसेल तर निरोप वर्षभर फिरतो.

दात्यांना फोन कुणी करायचा? फक्त समाजसेवा अधीक्षकांनी. बोलण्याचा क्रम ठरलेला होता : “नमस्कार दादा, रक्तपेढीतून बोलतेय. आत्ता दोन मिनिटं बोलता येईल का?” मग तब्येत, शेवटचं रक्तदान, सध्या चालू असलेली औषधं. त्यानंतर गरज काय आणि कधीपर्यंत, हे खरं खरं. आणि शेवटी, “नाही जमलं तरी हरकत नाही, आमच्याकडे आणखी नावं आहेत.” हे वाक्य अनेकांना धोक्याचं वाटतं, दाता निसटेल अशी भीती असते. ‘तुम्ही आला नाहीत तर ती मरेल’ असं ऐकून माणूस एकदा धावत येतो, पण दुसऱ्यांदा फोन उचलत नाही. दुर्मिळ गटात त्याच माणसाची गरज आयुष्यभर वारंवार पडणार असते.

क लगेच तयार झाला. १ जून ते ३१ जुलै पावसाळी मासेमारी बंदी असल्यामुळे तो घरी होता. एरवी समुद्रात असताना त्याचा फोनही लागत नाही. तो कोल्हापूरला यायला निघालाच होता. त्याला थांबवलं. जुलैत घाटात दरड कोसळली की करूळ बंद होतो आणि गगनबावड्याचा रस्ताच तुटतो. शिवाय येण्याजाण्यात त्याचे दोन दिवस गेले असते. त्याने स्वतःच्या जिल्ह्यातल्या रक्तपेढीत द्यावं आणि पिशवीने प्रवास करावा, असं ठरलं. वजन ५५ किलोच्या वर असल्याने ४५० मिलिलिटर घेतलं. एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, सिफिलिस व मलेरियाच्या तपासण्या तिथेच झाल्या. दोन्ही रक्तपेढ्या परवानाधारक, मागणीपत्र आणि हस्तांतरणाची नोंद पूर्ण.

पिशवी नेण्यातही चुका होतात. बर्फ थेट पिशवीला लागला तर पेशी गोठून फुटतात आणि रक्त वाया जातं. थर्मोकोलच्या पेटीत बाजूंना आइसपॅक, मध्ये जाड पुठ्ठा, पिशवी उभी, आत तापमापक. पोचेपर्यंत २ ते १० अंश. पेटी एसटीच्या पार्सलात न टाकता रक्तपेढीचा कर्मचारी मांडीवर घेऊन आला. शस्त्रक्रियेच्या पाच दिवस आधी ती कोल्हापुरात होती, त्यामुळे घाटाची धास्ती संपली.

ख च्या बाबतीत उलटं घडलं. त्याच्या गावीही रक्त घेता आलं असतं, पण त्याला यायचंच होतं. रात्रीच्या बसने निघाला. आषाढी एकादशीच्या पंढरपूरच्या गर्दीत वळसे घेत गाडी चार तास उशिरा पोचली. पोरगा रात्रभर जागा, वर एकादशीचा निर्जळी उपवास. तो टेबलावर झोपायला तयार होता आणि नातेवाईकही ‘आलाच आहे तर घेऊन टाका’ म्हणत होते. उपाशी, तहानलेल्या, न झोपलेल्या माणसाचं रक्त घेतलं की चक्कर येऊन पडण्याची शक्यता खूप वाढते. त्याला रुग्णालयाच्या धर्मशाळेत झोपवलं, द्वादशीला उपवास सोडून पोटभर जेवल्यावर दोन तासांनी ३५० मिलिलिटर घेतलं. ५८ किलोला ४५० नियमात बसत होतं. पुढचा लांबचा प्रवास बघून कमी घेतलं. परतीचं तिकीट दिवसाच्या गाडीचं काढलं.

ग चं वेगळंच झालं. त्याने पहिल्या फोनला “विचार करून सांगतो” म्हटलं आणि विषय तिथेच थांबवला होता. पण रुग्णाच्या एका नातेवाइकाने त्याचा नंबर कुठून तरी मिळवला आणि दोन दिवसांत अकरा फोन केले, त्यातले काही रात्री. शेवटच्या फोनला त्याच्या बायकोने सांगितलं, पुन्हा फोन करू नका.

निष्पत्ती

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी हिमोग्लोबिन ९.३ होतं. दोन्ही पिशव्या रुग्णाच्या ताज्या नमुन्याशी पुन्हा जुळवल्या. गर्भवतीत क्रॉसमॅचचा नमुना तीन दिवसांपेक्षा जुना चालत नाही. सिझरमध्ये सुमारे १,२०० मिलिलिटर रक्त गेलं. रक्तस्राव रोखायला ऑक्सिटोसिन, ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड १ ग्रॅम, टाके. क ची पिशवी चढवली, पहिली पंधरा मिनिटं अगदी सावकाश, शेजारी माणूस बसवून. प्रतिक्रिया आली नाही. बाळ २.६ किलोचं. आईचं अँटी-एच क्वचित बाळापर्यंत पोचू शकतं म्हणून बाळाची कावीळ तीन दिवस मोजली, वाढली नाही.

दुसऱ्या दिवशी हिमोग्लोबिन ७.८, नाडी स्थिर, चक्कर नाही. घरच्यांचं म्हणणं, “एवढ्या लांबून पोरगं आलं, ते रक्त ठेवून काय करायचं?” डॉक्टरांनी दुसरी पिशवी दिली नाही. सातच्या खाली गेलं किंवा त्रास सुरू झाला तरच, असं आधी ठरलं होतं आणि ते पाळलं. ख ची पिशवी जाळ्यात कळवून ठेवली. सोळाव्या दिवशी ती दुसऱ्या जिल्ह्यातल्या रुग्णाला गेली. हे ख ला कळवावं की नाही यावर मतभेद झाले. त्याच्या मनात ‘ती ताई’ होती. कळवलं. त्याने पुढचे ९० दिवस कधी पूर्ण होतात तेवढं विचारून घेतलं.

घरच्यांनी क साठी ११,००० रुपयांचं पाकीट आणलं होतं. ते पुढे पाठवलं नाही. प्रवासखर्चाची भरपाई रक्ताची किंमत ठरत नाही, म्हणून ख चं बसभाडं तिकिटाप्रमाणे रुग्णालयाच्या मदतनिधीतून दिलं. क चा खर्च रिक्षाचा, तो त्याने घेतला नाही. त्याला फक्त बाळंतपण सुखरूप झालं का ते हवं होतं. रुग्णाची संमती घेऊन तेवढंच सांगितलं, नाव-गाव नाही. भेट घडवायची का, असं दोन्ही बाजूंना वेगवेगळं विचारलं होतं. कुटुंबाला हवी होती, क ला नको होती. नको म्हणणाऱ्याचं ऐकलं.

पुढच्या वेळी काय वेगळं

पहिल्या बाळंतपणात उलट तपासणी (रुग्णाचा सीरम माहीत गटाच्या पेशींशी तपासणं) ओ पेशींसह झाली असती, तर तीन वर्षं आधी कळलं असतं. नुसत्या काचपट्टीवर दोन थेंब टाकून केलेला गट अशा रुग्णाला ओच दाखवतो. आईवडील दोघेही ओ आणि मूल बी, हा कागद कुणाच्याही हाती आला की त्याला लॅबची चूक न म्हणता आईचा नमुना पुन्हा पाठवायचा.

निदानाच्या दिवशीच घरातल्या एका माणसाची संपर्कासाठी नेमणूक करून बाकीच्यांना तीन गोष्टी सांगायच्या : निरोप आम्ही लिहून देऊ, पैसे कुणाला देऊ नका, दात्याला तुम्ही फोन करू नका. इथे हे चौथ्या दिवशी सांगितलं गेलं. ५,००० रुपये त्या आधीच गेले होते; पोलिसांच्या सायबर शाखेत तक्रार आहे, पैसे मिळालेले नाहीत.

दात्यांचे नंबर कुठून फुटले, ते शोधल्यावर कळलं की यादीचा फोटो वॉर्डातल्या एका फोनवरून पुढे गेला होता. आता यादी कागदावर काढत नाहीत. वॉर्डाला ‘दाता १, दाता २’ एवढंच जातं.

रुग्ण आणि तिची बहीण दोघींना गट लिहिलेलं कार्ड दिलं. त्यावर ‘ओ रक्त देऊ नये’ असं मराठी आणि इंग्रजीत ठळक आहे. बहिणीने दाता म्हणून नोंदणीला होकार दिला आहे, बाळ अंगावरचं सुटल्यावर आणि हिमोग्लोबिन १२.५ झाल्यावर. रुग्णाला तो प्रश्न सध्या विचारलेला नाही. सहा महिन्यांनी तपासणीला येईल तेव्हा विचारायचं ठरलं आहे.

सोलापूरच्या दुकानदाराचं नाव यादीतून काढलं. समाजसेवा अधीक्षकांनी माफीचं पत्र टपालाने पाठवलं, उत्तर आलं नाही. सप्टेंबरमध्ये त्याच शहरात बॉम्बे गटाची मागणी आली तेव्हा त्याला फोन करावा का, असं पुन्हा विचारलं गेलं. केला नाही, पुण्याच्या च चे ९० दिवस तोवर पूर्ण झाले होते.